तेवीस नंबरची नळी

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी डॉ. सुमेधा भालेरावने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधला तिसरा कप्पा ओढला, खोक्याचं झाकण उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

बावीस होती. चोवीस होती. मधली तेवीस नंबरची नळी नव्हती.

तिने पुन्हा मोजल्या. चाळीस घरं, एकोणचाळीस नळ्या. जाड हातमोज्यांतूनही बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मागून फ्रीझर सांभाळणारा प्रशांत म्हात्रे म्हणाला, "म्याडम, दार लावा. टेंपरेचर चढतंय."

तेवीस नंबरच्या नळीत टिटवाळ्याच्या भगवान भोईरांच्या तोंडातल्या गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा होता. निदान कागदावर तसं होतं. भोईर अठ्ठावन्न वर्षांचे, प्लंबर. सहा आठवड्यांपूर्वी याच कर्करोग संशोधन केंद्राच्या अहवालावर विसंबून डॉक्टरांनी त्यांना नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या. या गोळ्या यांना लागू पडतील, असं अहवाल म्हणत होता. गाठ मात्र दुप्पट झाली. शुक्रवारी त्यांची मुलगी प्रियांका ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या बापाचाच तुकडा तपासलात ना तुम्ही? की दुसऱ्याच कोणाचा?"

त्या प्रश्नाने सुमेधाला शनिवार-रविवार धड जेवू दिलं नव्हतं. सोमवारी तिने जाहीर केलं, तेवीस नंबर पुन्हा तपासायचा. आणि मंगळवारी नळीच नाही.

गुरुवारी दुपारी रुग्णांच्या डॉक्टरांची बैठक होती. असेच अहवाल वाचून आणखी नऊ जण त्याच गोळ्या घेत होते. त्यांना काय सांगायचं?

सुमेधाने फोन लावला. "मॅडम, येता का? आत्ता."

"कोण गेलं?" पलीकडून मेघना कारखानीसांनी विचारलं.

"अजून कोणी नाही."

२

मेघना कारखानीस एकसष्ट वर्षांच्या. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डीएनए विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, राहायला डोंबिवली पूर्वेला. सुमेधा शिकत असताना एक वर्ष त्यांच्या हाताखाली होती. मेघनाताईंना एका जागी बसता येत नसे. निवृत्तीनंतर तर घरातल्या घरातच त्या रोज तीन-चार किलोमीटर चालत असाव्यात. केंद्रात आल्यावरही खुर्ची सरकवून त्या बाहेरच्या लांब मार्गिकेत येरझारा घालू लागल्या, आणि सुमेधाला त्यांच्याबरोबर चालावं लागलं.

"शाळेतल्या पोरीला सांगतात तसं सांग. काय मोजता तुम्ही?"

"पेशीला वाढायचा हुकूम बाहेरून येतो," सुमेधा म्हणाली. "कडेला एक दार असतं. हुकूम तिथे थडकतो आणि मग आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याला आवर घालायला आत छोटे छोटे आरएनए असतात. त्यांच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी कोणी त्यांना विचारत नव्हतं. पण ते हुकूम पुढे नेणारी प्रथिनं बनूच देत नाहीत. म्हणजे ब्रेक."

"आणि कॅन्सरमध्ये ब्रेक सुटतो."

"एक लांबलचक आरएनए आहे. त्याच्यापासूनही प्रथिन बनत नाही. तो या छोट्यांना स्वतःला चिकटवून घेतो. सगळे त्याच्यातच अडकले की हुकमाला रान मोकळं. आम्ही त्याला लॅबमध्ये लांबडी म्हणतो."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या बाहेरचं दार बंद करतात. गाठीत लांबडी कमी असली तर तेवढं पुरतं. पण लांबडी जास्त असली तर दार लावून काही होत नाही, आत धिंगाणा चालूच राहतो. अशांना आपली नेहमीची केमो बरी."

"तेवीसमध्ये?"

"कमी. अगदी कमी."

मेघनाताई थांबल्या. "मग पुन्हा मोजून काय होणार होतं? नळी तीच, तुकडा तोच. पुन्हा कमीच आलं असतं. चोराला त्यात घाबरण्यासारखं काय?"

"मी नुसतं मोजणार नव्हते, मॅडम. भोईरांचं ताजं रक्त आणून नळीतल्या तुकड्याशी डीएनए जुळवणार होते. तुकडा त्यांचाच आहे का हे बघायला."

"हे ग्रुपवर टाकलेलंस?"

"नाही. ग्रुपवर एवढंच, तेवीस पुन्हा तपासणार. डीएनएचं सोमवारी चारच्या बैठकीत बोलले."

"म्हणजे नळी नेणाऱ्याला तुझ्या मोजण्याची भीती नव्हती," मेघनाताई पुन्हा चालू लागल्या. "जुळवण्याची होती. आत कोणाचा तुकडा आहे, हे त्याला आधीच माहीत होतं."

३

फ्रीझर प्रशांतच्या ताब्यात. अलिबागकडचा, पंधरा वर्षं याच कामात.

"किल्ली कुठे असते?" मेघनाताईंनी विचारलं.

"ड्रॉवरमध्ये. सगळ्यांना ठाऊक आहे, म्याडम. आता शिव्या घालाल."

"नंतर घालते. दार कधी उघडलं हे कळतं?"

प्रशांतने फ्रीझरच्या पडद्यावर बटणं दाबली. सोमवारी संध्याकाळी पाच चाळीसला दार उघडलं होतं. चार मिनिटं.

"चार मिनिटं?" तो स्वतःच चमकला. "मी तर वीस सेकंदात नळी काढतो. कुठल्या कप्प्यात, कुठलं खोकं, डोळे मिटून सांगेन. हा बाबा शोधत बसलेला."

"किंवा तू मुद्दाम चार मिनिटं लावलीस."

तो ओशाळं हसला. "तसं पण होऊ शकतं."

"सोमवारी बैठकीत कोण काय बोललं?"

"मला काय माहीत? मी चारपासून खाली ड्राय आइस उतरवून घेत होतो. तेवीसचं मी ग्रुपवर वाचलं."

सलिल नाडकर्णी सत्तावीस वर्षांचा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारा, पीएचडीच्या शेवटच्या वर्षातला. तो सतत पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

"मी सोमवारी नव्हतो, मॅम. कझिनच्या साखरपुड्याला नाशिकला गेलेलो. रात्री उशिरा परत आलो. टोलची पावती आहे, दाखवू?"

"दाखव. नळ्यांवर नंबर कोण लिहितं?"

"मीच. रुग्णाचं नाव नळीवर टाकत नाही, प्रायव्हसी असते ना. फक्त नंबर, संमतीच्या सहीच्या क्रमाने मिळालेला. प्रशांतदादा फॉर्म बघून नंबर बोलतो, मी लिहितो."

"तेवीस नंबर आला त्या दिवशी आणखी कोणाचे तुकडे आले ते बघून मला दोनपर्यंत फोन कर. घे नंबर." मेघनाताईंनी दहा आकडे भराभर सांगितले. शेवटचे चार, सदतीस पंचेचाळीस.

दोन वाजले, अडीच झाले. मेघनाताईंनी मार्गिकेच्या अठरा फेऱ्या घातल्या. सलिलचा फोन आला नाही. त्याच्या टेबलाशी जाऊन पाहिलं तर खुर्ची रिकामी होती आणि बॅगही नव्हती.

४

रसिका अहिरे रुग्णांची गाठभेट घेणारी, त्यांच्या संमतीच्या सह्या आणणारी, हॉस्पिटलांतून तुकडे घेऊन येणारी. कल्याणला वालधुनीत राहायची. ती खुर्चीच्या कडेला बसली आणि मेघनाताई उभ्याच आहेत हे बघून उठून उभी राहिली.

"बैठकीला तू होतीस?"

"हो. मी, भालेराव मॅडम आणि सौमित्र सर. भोईरकाकांचं रक्त आणायचं काम माझ्याकडे होतं. सरांनी फळ्यावर सगळं लिहून दिलं." तिने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरा फळा, त्यावर 'ताजं रक्त, २३, डीएनए' असे शब्द आणि बाण, आणि कडेला मार्कर धरलेला एक हात. "विसरायला नको म्हणून काढलेला."

मेघनाताईंनी फोटो स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला. मग म्हणाल्या, "हा सोमवारचा फोटो. आता मागचा आठवडा. फोनच्या नोंदी बघितल्या मी. केंद्रातून टिटवाळ्याच्या एकाच नंबरला अकरा फोन गेलेत. सगळे तुझ्या टेबलावरून. शुक्रवारच्या आधीचे."

रसिकाचा चेहरा उतरला.

"प्रियांका भोईर यायच्या आधीच तू तिच्याशी बोलत होतीस. काय बोलत होतीस?"

"मला काही सांगायचं नाही," रसिका म्हणाली आणि दार उघडून निघून गेली.

शेवटी डॉ. सौमित्र देवस्थळी. सुमेधाबरोबर वीस वर्षं काम करणारा. आकडेमोडीचं सगळं काम त्याचं. पेशीतले हजारो आरएनए यंत्र मोजतं, त्यांतून अर्थ काढायचा तो सौमित्रने. ठाण्यातच वाढलेला, मृदू बोलणारा माणूस. त्याने स्वतः कॉफी आणून दिली, डाव्या हाताने. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांना चिकटपट्टी होती.

"काय झालं?"

"रविवारी डोसे करायला गेलो. तव्याने शिकवलं."

"तुम्ही फ्रीझर वापरता?"

"मी?" तो हसला. "मेघनाताई, मी वीस वर्षांत नळ्या-रसायनांना हात लावलेला नाही. माझं सगळं या पडद्यावर."

त्याने पडद्यावर तक्ता उघडला. चाळीस रुग्ण, चाळीस रकाने. आडव्या ओळींत आरएनएंची नावं, हजारोंनी. भोईरांचा रकाना स्वच्छ होता आणि लांबडी कमी.

"सुमेधाने या कामाला अकरा वर्षं दिलीयत," सौमित्र हळूच म्हणाला. "एका नळीमुळे ते बुडू नये एवढंच मला वाटतं. नळी इकडेतिकडे झाली असेल. चोरीच कशाला धरून चालायचं?"

मेघनाताईंनी तो तक्ता मागून घेतला. निघताना त्या सुमेधाच्या खोलीत डोकावल्या. "हा तक्ता सौमित्रने साफ करून दिलेला. यंत्रातून आलेली कच्ची फाइल आहे?"

"आहे. पण ती कोण बघतं?"

"मी बघते," मेघनाताई म्हणाल्या.

५

बुधवारी सकाळी साडेआठला त्या पुन्हा केंद्रात होत्या. सुमेधा आली तेव्हा दोन पडदे शेजारी शेजारी लावलेले होते आणि मेघनाताई त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"झिस्ट," त्या म्हणाल्या. "आठवतं?"

सुमेधाला आठवत होतंच. तोही एक असाच आरएनए, प्रथिन न बनवणारा. बाईच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रं दोन, त्यांतल्या एकाला गप्प करायचं काम झिस्टचं. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून त्याच्या पेशीत झिस्ट जवळजवळ नसतोच.

"सौमित्रच्या तक्त्यात झिस्टची ओळ शोध."

सुमेधाने नाव टाइप केलं. सापडलं नाही. पुन्हा टाइप केलं.

"आता कच्च्या फाइलमध्ये."

तिथे ओळ होती. सुमेधाची नजर तेवीसच्या रकान्यावर गेली. झिस्ट भरपूर होता.

"हे भोईरांचं नाही," ती म्हणाली. "ही बाई आहे."

"चाळिसात बायका किती?"

"नऊ."

"त्या नवांपैकी एकीत झिस्ट नाही. बत्तीस नंबर."

सुमेधाने यादी पाहिली. बत्तीस, केशरबाई जाधव, आंबिवली, वय चौसष्ट. "थांबा मॅडम. घाई नको. कॅन्सरमध्ये झिस्ट कधीकधी पुसला जातो. बाईच्या गाठीत तो नाही म्हणून ती गाठ पुरुषाची, असं म्हणता येणार नाही. आणि पुरुषांच्याही काही गाठींत तो उगाच जागा होतो."

"अगदी बरोबर. म्हणून मी वाय गुणसूत्रावरची जनुकं बघितली. झिस्ट पुसला जाईल, पण बाईच्या अंगात वाय गुणसूत्र कुठून उगवेल?"

बत्तीसच्या रकान्यात वाय गुणसूत्राच्या चारही जनुकांचे आकडे ठसठशीत होते. तेवीसमध्ये चारही शून्य.

सुमेधा खुर्चीत बसली. तिच्या डोक्यात आकडे भराभर जागा बदलत होते. तेवीसच्या नळीत केशरबाई, बत्तीसच्या नळीत भोईर. म्हणजे लांबडी जास्त ती भोईरांची, आणि त्यांना दिल्या गोळ्या. लांबडी कमी ती केशरबाईंची, ज्यांना गोळ्यांनी फरक पडला असता. आणि त्यांना...

"केशरबाईंना केमो चालू आहे," ती म्हणाली. "तिसरी झाली. मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा म्हणत होता, आई पाणीसुद्धा ठेवत नाही पोटात."

मेघनाताई येरझारा घालू लागल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन पाकिटांवरच्या चिठ्ठ्या बदलल्यामुळे एक माणूस अकरा महिने तुरुंगात बसला होता. ती चूक त्यांची नव्हती, पण कळली तेव्हापासूनच त्यांना एका जागी बसवेनासं झालं होतं.

"आणि मॅडम, सौमित्रच्या तक्त्यात झिस्ट नाही..."

"वायची ती चार जनुकंही नाहीत," मेघनाताई म्हणाल्या. "मी बघितलं."

तेवढ्यात दार वाजलं. दारात सलिल उभा होता. डोळे सुजलेले.

६

"मॅम, काल मी तुम्हाला तीनदा फोन केला. दरवेळी कोणीतरी आजी उचलायच्या. शेवटी त्यांनी मला झापलं."

मेघनाताईंनी हात पुढे केला. "काय लिहून घेतलंस बघू."

सलिलच्या कागदावर शेवटचे चार आकडे होते, ७३ आणि ५४.

"मी सदतीस पंचेचाळीस म्हटलं होतं."

"हो, तेच तर..." तो थांबला. "सदतीस म्हणजे थर्टी सेव्हन? शिट्. मॅम, मराठी नंबर माझे नेहमी उलटे होतात. आधी सात ऐकू येतं ना, मग मी आधी सात लिहितो."

मेघनाताईंनी कागद टेबलावर ठेवला.

"तेवीस," मेघनाताई सावकाश म्हणाल्या. "आधी तीन ऐकू येतं."

सलिलला कळायला दोन सेकंद लागले. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. "त्या दिवशी दोनच तुकडे आलेले. तेवीस आणि बत्तीस. तेच तर सांगायला फोन करत होतो. प्रशांतदादा बोलला, मी लिहिलं..."

"एरवी अशी चूक लगेच पकडली गेली असती," मेघनाताई सुमेधाला म्हणाल्या. "पंचवीसचं बावन्न झालं असतं, तर बावन्न नंबरच नाही. एकवीसचं बारा झालं असतं, तर बाराची नळी आधीच खोक्यात होती. पण हे दोघं एकाच दिवशी आले आणि गुपचूप एकमेकांच्या जागी जाऊन बसले. ही चूक आहे, सलिल. गुन्हा नाही. काल पळालास का?"

"पळालो नाही, मॅम. नळी गेली, लेबलं मी लिहिलेली. मला वाटलं सगळे माझ्यावरच येणार. घरी जाऊन झोपून राहिलो."

तो बाहेर गेला. सुमेधा म्हणाली, "पण नळी याने नाही नेली."

"नाही. याला चूक माहीतच नव्हती. शिवाय हा नाशिकला होता, पावती बघितली मी. प्रशांत बैठकीला नव्हता. त्याला वाटत होतं नुसतं पुन्हा मोजायचं आहे, आणि त्याला चार मिनिटं लागली नसती. डीएनए जुळवणार हे तुझ्याशिवाय फक्त दोघांनी ऐकलं."

"रसिका आणि सौमित्र." सुमेधाने दाराकडे पाहिलं. "रसिकाचे ते फोन?"

"ते तिच्याकडूनच ऐकू."

रसिका आली ती ठरवूनच. "मीच प्रियांकाला सांगितलं की जा आणि विचार," ती म्हणाली. "काकांची गाठ वाढताना मी दर भेटीला बघत होते. माझे पप्पा याच आजाराने गेले, मॅडम. त्यांच्या फायलीत काय होतं ते आम्हाला कधीच कोणी सांगितलं नाही. मी मोठ्याने बोलले असते तर नोकरी गेली असती, म्हणून तिला पाठवलं. काढायचं असेल तर काढा."

"जिने तक्रार करायला लावली ती पुरावा चोरणार नाही," मेघनाताई तिला म्हणाल्या. "जा, काम कर."

सौमित्रच्या खोलीचं दार उघडंच होतं. दोघी आत आल्या. मेघनाताईंनी फोन त्याच्यासमोर ठेवला. सोमवारच्या फळ्याचा फोटो. मार्कर धरलेला उजवा हात, अंगठा आणि पहिलं बोट स्पष्ट. कुठेही पट्टी नाही, फोड नाही.

"हा सोमवारचा हात. तवा रविवारी लागला म्हणालात," त्या म्हणाल्या. "उणे ऐंशीला धातूचा कप्पा उघड्या बोटांनी धरला तरी तव्यासारखाच फोड येतो. रोज हाताळणारा माणूस हातमोजे घातल्याशिवाय तिथे जात नाही. आणि त्याला नळी शोधायला चार मिनिटं लागत नाहीत."

सौमित्रने बोटं मुठीत घेतली. "लिंगाशी संबंधित जनुकं तक्त्यातून काढतात, मेघनाताई. सर्रास काढतात."

"काढतात. मग एक्स आणि वाय गुणसूत्रांवरची सगळी काढतात. तुम्ही पाचच काढली. भोईर पुरुष नाहीत आणि केशरबाई बाई नाहीत हे सांगणारी नेमकी पाच."

सौमित्रने समोरचा पडदा बंद केला.

"महिना झाला," सौमित्र म्हणाला. "फेब्रुवारीत लक्षात आलं. तोवर अहवाल गेलेले, गोळ्या सुरू झालेल्या. पहिल्या दिवशी वाटलं, कॅन्सरमध्ये होतं असं कधीकधी. दुसऱ्या दिवशी वायची जनुकं बघितली. मग रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज वाटायचं, पुढच्या तपासणीत गाठ कमी झालेली दिसेल आणि माझंच चुकलेलं निघेल. जेवढे दिवस गेले तेवढं अवघड होत गेलं." तो सुमेधाकडे वळला. "अभ्यास थांबवला असता, सुमेधा. तुझी अकरा वर्षं गेली असती. मी तुझ्यासाठी..."

"माझ्या नावावर टाकू नकोस," सुमेधा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "महिनाभर तू माझ्यासमोर डबा खाल्लास. त्या महिन्यात एक माणूस चुकीच्या गोळ्या गिळत होता आणि एक बाई ओकत होती. नळी कुठे आहे?"

"कचऱ्यात टाकली. जाळायच्या कचऱ्यात. गेली ती."

सुमेधाने डोळे मिटले. मेघनाताई मात्र दाराकडे निघाल्याही होत्या.

"गेली तर गेली. यांनी बत्तीस मुद्दाम ठेवली. दोन्ही नेल्या असत्या तर अदलाबदल त्याच क्षणी कळली असती ना. भगवान भोईर बत्तीसमध्ये आहेत, सुमेधा. फ्रीझरमध्येच. रसिकाला म्हणावं रक्त घेऊन ये. आज."

७

गुरुवारी सकाळी जुळणी आली. बत्तीस नंबरच्या नळीतला तुकडा भगवान भोईरांचाच होता. बाकीच्या अडतीस रुग्णांची झिस्टची ओळ आणि वायची जनुकं मेघनाताई आणि प्रशांतने रात्रीत एकेक करून ताडून पाहिली होती. बाईच्या जागी बाई, पुरुषाच्या जागी पुरुष. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, म्हणून गोळ्या घेणाऱ्या उरलेल्या नऊ जणांचंही रक्त मागवायचं ठरलं. सुमेधाने दुपारच्या बैठकीत काहीही न लपवता सगळं सांगितलं. सौमित्रने लिहून दिलेलं कबुलीपत्र तिने स्वतः वाचून दाखवलं. डॉक्टरांनी तिला फार बरंवाईट सुनावलं, ते तिने ऐकून घेतलं. भोईरांच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या, सोमवारपासून केमो ठरली. केशरबाईंच्या डॉक्टरांनी त्यांची चौथी केमो थांबवली.

चारला सुमेधा गाडीत बसली. मेघनाताई शेजारी.

"फोनवर नाही सांगायचं मला," सुमेधा म्हणाली.

शहाड, मोहने करत त्या टिटवाळ्याला पोचल्या. नव्या इमारतींच्या मधोमध भोईरांचं जुनं बैठं घर राहिलं होतं. भगवान भोईर ओटीवर बाजेवर बसले होते, गळ्याभोवती पंचा, डावा गाल सुजलेला. प्रियांका दारात उभी राहिली. बसा म्हणाली नाही. भोईरांच्या बायकोने चहा आणून ठेवला.

सुमेधाने सगळं सांगितलं. नंबर उलटे कसे झाले, कोणाला कळलं होतं, कळूनही तो किती दिवस गप्प बसला, नळी कुठे गेली. लांबडीचंही सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. सहा आठवडे वाया गेले हेही सांगितलं. "ते मी परत आणू शकत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला तक्रार करायची असेल तर सगळे कागद मी स्वतः देईन."

"करणारच आहे," प्रियांका म्हणाली. "सोडणार नाही मी कोणाला."

"करा," सुमेधा म्हणाली. "नक्की करा."

भोईरांनी चहाचा कप बाजूला सारला. त्यांना बोलायला त्रास व्हायचा, शब्द जिभेवरून ओढून आणावे लागत. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं.

"दुसरा नंबर... कोणाचा?"

"एका बाईंचा. नाव मला सांगता येणार नाही."

"तिला... माझी औषधा दिली?"

"तुम्हाला द्यायला हवी होती ती त्यांना दिली. हो."

"लय तरास झाला आसंल."

 सुमेधाने मान हलवली.

"तिला सांगितला का?"

"अजून नाही. आधी तुमच्याकडे आले."

भगवान भोईरांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण स्वतःसाठी नव्हता.

"मंग हितं काय बसल्यात?" ते म्हणाले. "ती बाय तिकरं ओकतंय. जा ना."

सुमेधा उठली. मेघनाताई तर उभ्याच होत्या. चहा तसाच राहिला. दोघी अंगणातून बाहेर पडून गाडीपर्यंत आल्या तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. प्रियांका फाटकाला धरून उभी होती. डोळे अजून तसेच तापलेले.

"कुठल्या अंगाला जायचंय?"

सुमेधाने हाताने मोहन्याची दिशा दाखवली; केशरबाईंचं आंबिवली त्याच वाटेवर होतं.

"मेन रोडने नका जाऊ. आता तिकडे ट्रॅफिक असतं." तिने दुसऱ्या बाजूला बोट केलं. "शाळेमागून जा. लवकर पोचाल."